मी दिलेलं शून्य

ही गोष्ट सांगायचं मी आठ-नऊ वर्षं टाळत आलो. टाळणं अवघड गेलं नाही, कारण तिची दुसरी, माझ्या सोयीची आवृत्ती लोकांना आधीच माहीत होती. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत ती गणपतीत स्टेजवरून सांगितली गेली, एका शाळेच्या स्मरणिकेत माझ्या फोटोसकट छापून आली, आणि माझ्या नातवाने ती ‘माझे आजोबा’ या निबंधात लिहिली. त्या आवृत्तीत मी एका हुशार मुलीला सगळ्यांच्या आधी ओळखणारा परीक्षक आहे. खरं म्हणजे मी तिला ओळखलं नाही. पहिल्या वर्षी तिला स्पर्धेतून बाहेर काढलं ते मीच, आणि त्याचा दोष गेला भलत्याच माणसाकडे.

आधी चिंचवडला आणि नंतर चाकणला मिळून चौतीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून सुटे भाग बनून यायचे. ते घ्यायचे की परत पाठवायचे, हे मी ठरवायचो. मायक्रोमीटर, गेज सगळं हाताशी असे, पण माझा पहिला भरवसा अंगठ्याच्या नखावर होता. धातू कापला की कडेला कुसळासारखी बारीक धार राहते, तिला आमच्याकडे बर म्हणतात. कडेवरून नख फिरवलं की ती लगेच लागते. ‘साहेबांच्या नखातून काही सुटत नाही,’ असं वर्कशॉपवाले म्हणायचे, आणि ते ऐकायला मला आवडायचं.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी आमच्या भागातल्या काही शाळांनी मिळून भरवलेल्या स्पर्धेचं परीक्षक म्हणून बोलावणं आलं. विषय नवकल्पना. पाचवी ते दहावीच्या मुलांनी चित्र काढायचं, निबंध लिहायचा, नाहीतर स्वतः एखादी वस्तू बनवून आणायची. सांगवीतल्या एका शाळेचं सभागृह होतं. आम्ही तिघं परीक्षक होतो: इंजिनीअरिंग कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक, एका शाळेच्या चित्रकलेच्या बाई आणि मी.

त्या सभागृहात शिरताना ऊर भरून आला होता, हे आजही कबूल करतो. सहावीतल्या एका मुलाने चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकवर उपाय काढला होता. ट्रक हलवायचे नाहीत, अख्खा चौकच उचलून बाजूला ठेवायचा. क्रेन त्याने इतकी मन लावून काढली होती की तिच्या हुकाचे आटेसुद्धा मोजून घ्यावेत. सातवीतल्या एका मुलीने निबंधात दारावरची घंटी सुचवली होती. वडिलांची रात्रपाळी कधी आहे हे त्या घंटीला ठाऊक असणार आणि त्या आठवड्यात ती दिवसा वाजणारच नाही. आम्ही आयुष्यभर पाळ्या केल्या, आमच्यापैकी कुणाला ही घंटी सुचली नव्हती.

वस्तूंच्या विभागात मात्र मुलांपेक्षा बापांची गर्दी जास्त.

‘राव, हात नका लावू, वायर निघेल!’

‘अहो, पोराला बोलू द्या की. स्पर्धा त्याची आहे ना?’

‘बोलतोय की! बोल रे, काय सांगितलं होतं तुला?’

हे आमच्याच पट्ट्यातलं दुखणं. इथे निम्म्या घरांत कुणी ना कुणी मशीनवर आहे. शाळेत स्पर्धा लागली की मुलगा कल्पना सांगतो आणि बाप ती कंपनीच्या टूलरूममध्ये बनवून आणतो. पुठ्ठ्याची पवनचक्की आणायची, तर चांगली लेथवर काढलेली, बेअरिंग बसवलेली, रंगाच्या भट्टीतून निघालेली पवनचक्की येते. म्हणून संयोजकांनी नियम केला होता. ‘स्वतः केलेलं काम’ याला वीस गुण, आणि तिथे कुठल्याही एका परीक्षकाने शून्य दिलं तर ती वस्तू स्पर्धेतून बाद.

हे दुखणं मला जवळून माहीत होतं. माझा मुलगा आठवीत असताना त्याच्या पंपाचं मॉडेल मीच टूलरूममधून करून आणलं होतं. एका मित्राने पितळ कापलं, दुसऱ्याने आटे पाडले, आणि तपासणी अर्थातच मी केली. मुलाने फक्त नाव लिहिलं. पहिला नंबर आला. तो कप वाकडला त्याच्या फ्लॅटमध्ये अजून आहे. कुणी विचारलं तर तो सरळ सांगतो, ‘बाबांचा आहे.’ लोक हसतात, तोही हसतो. मी तेवढ्यात पाणी प्यायला उठतो.

तर त्या सभागृहात शेवटच्या टेबलाशी, दाराजवळ, महापालिकेच्या शाळेतली आठवीची मुलगी उभी होती. टेबलावर फक्त एक वस्तू आणि मागे वहीच्या कागदावर लिहिलेलं नाव: किल्लीची मूठ. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये खाच, दोन स्क्रू. लॅचची किल्ली त्या खाचेत धरायची आणि स्क्रू आवळायचे. मग बोटांच्या चिमटीऐवजी पूर्ण पंजाने किल्ली फिरवता येते. शेजारच्या आजींची बोटं वाकडी झाली होती. दार उघडायला त्या जिन्यात कुणाची तरी वाट बघत बसायच्या, म्हणून तिने हे केलं होतं.

प्राध्यापकांनी विचारलं, ‘बाळा, हे तूच केलंस ना? खरं सांग हं.’ त्यांचा आवाज मुळातच मोठा. आजूबाजूची चार टेबलं वळून बघायला लागली.

‘हो सर.’

‘सगळं?’

‘भोकं सोडून. भोकं एका काकांनी ड्रिलवर पाडून दिली. कानस मी मारली.’

‘वा, छान!’ म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले.

मी पट्टी उचलली आणि कडेवरून नख फिरवलं. कुठेच अडकलं नाही. लांब कडा, कोपरे, खाचेच्या आतली बाजू, इतकंच काय, भोकांचं तोंडसुद्धा गुळगुळीत. सगळीकडची गोलाई सारखी. असं काम करायला वर्षानुवर्षांचा हात लागतो.

मी विचारलं, ‘कडा एवढ्या का घासल्यास?’

‘आजींची कातडी पातळ आहे. जरा काही लागलं की रक्त येतं.’

केवढं मोठं उत्तर होतं ते. मी ते ऐकून सोडून दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. ‘वडील कुठे असतात?’

‘चाकणला, कंपनीत.’

झालं. मला हवं ते मिळालं. मी बाजूला जाऊन गुणपत्रिकेवर ‘स्वतः केलेलं काम’ याच्यापुढे शून्य लिहिलं आणि शेरा मारला: ‘वडिलांनी कंपनीत करून दिलेले.’ खराब माल गेटवरच पकडल्यावर वाटायचं तसं समाधान मला वाटलं. तिने काही खोटं सांगितलं म्हणून मी शून्य दिलं नव्हतं. मी स्वतः बाप म्हणून जे केलं होतं, तेच तिच्या बापानेही केलं असणार, हे मी धरून चाललो होतो.

दहा-बारा दिवसांनी भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्याने मला बोलावलं. जुना ओळखीचा माणूस. त्याचा माल सारखा परत येत होता, म्हणून जरा बघून जा म्हणाला. दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. शेडमध्ये मागच्या बाजूला सात-आठ बायका पाटांवर बसून सुट्या भागांची बर काढत होत्या. चौतीस वर्षं असल्या शेडमधला माल माझ्या नखाखालून गेला. तो गुळगुळीत कुणाच्या हाताने होतो, हे मी कधी विचारलं नव्हतं. कागदावर ‘बर काढली’ असा रकाना असायचा, मी त्यात टिक करायचो.

तेवढ्यात ती मुलगी आत आली. पाठीला दप्तर, तोच गणवेश. एका बाईच्या शेजारी पाट ओढून बसली, दप्तर मांडीखाली सरकवलं आणि सहज कानस उचलली.

ती बाई म्हणाली, ‘सावकाश गं. जास्त घासून कोपरा खाशील.’

‘कोपरा तू खाल्लास सकाळी. हा बघ.’

‘आण इकडं. कुठं हाय?’

‘नख लाव ना आई, दिसतोय का तो?’

बाकीच्या बायका हसल्या. एक म्हणाली, ‘इन्स्पेक्टर आली बाई घरातच!’

मी लोखंडी ट्रे रचलेले होते त्यांच्याआड उभा होतो. मालकाला वाटलं, मी कामाकडे बघतोय. तो कौतुकाने सांगू लागला, ‘पोरीचा हात बघा साहेब. आईच्या शेजारी बसून बसून शिकली. मालाला हात लावू नको म्हणतो मी, तर टाकाऊ पट्ट्या घेऊन बसते. बाप कंपनीची बस चालवतो चाकणला. तो बिचारा चाक सोडून कशाला हात लावत नाही.’

तिच्यापर्यंत सात-आठ पावलं होती. मी मालकाला ‘पुन्हा येतो’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

सगळ्यात महत्त्वाची नोंद इथे करायला हवी. स्पर्धेची पुढची फेरी तेव्हा अजून आठ दिवसांवर होती. संयोजकांना एक फोन केला असता तर तिचं नाव यादीत गेलं असतं. नंबर माझ्याकडे होता. मी तो दोनदा काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. तुम्हाला एवढी खात्री कशी वाटली, असं कुणी विचारलं असतं तर मला पंपाचं मॉडेल सांगावं लागलं असतं. आठ दिवस गेले. फेरी झाली. तिच्या शाळेत कारण कळवलं गेलं होतं: घरच्यांनी करून दिलेली वस्तू. वर्गातली मुलं तिला काय काय म्हणाली असतील, याचा विचार मी तेव्हा केला नाही. पुढे तो पुष्कळ केला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. प्राध्यापक मुलीकडे नागपूरला राहायला गेले होते, त्यांच्या जागी कुणी नवीन नव्हतं. चित्रकलेच्या बाई आणि मी, दोघंच. मी होकार दिला तेव्हा मनात काय होतं, ते आज नीट सांगता येत नाही. ती आली नाही तर बरं, असंही वाटत होतं आणि यावी असंही.

ती आली. तीच मूठ, सुधारलेली. स्क्रूऐवजी आता बोटाने फिरवायचा गोल नट होता, कारण आजींना स्क्रूड्रायव्हर धरता येत नव्हता. पण मुठीच्या शेजारी टेबलावर आणखी तीन वस्तू होत्या: पट्टी घट्ट पकडायचा छोटा व्हाइस, एक कानस आणि कापून आणलेली कच्ची पट्टी. तिच्या कडेची बर लांबूनही चमकत होती.

‘सर, आधी हे बघा. मूठ नंतर,’ ती म्हणाली.

‘हे कशाला?’

‘गेल्या वर्षी म्हणाले, घरच्यांनी करून दिलं. म्हणून इथेच करून दाखवते.’

मी घाईघाईने म्हणालो, ‘नको, नको. गरज नाही.’

बाई म्हणाल्या, ‘दाखवू दे की हो. मला बघायचंय.’

तिने व्हाइस टेबलाच्या कडेला आवळला, पट्टी धरली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाय रोवून उभी राहिली. कानशीचा पहिला आवाज आला आणि शेजारच्या टेबलांवरचे बाप एकेक करून जमा झाले.

‘भावा, पाय बघ कसे ठेवलेत. आमच्या ट्रेनींना हेच सांगून सांगून माझा घसा बसला.’

‘मागं आणताना दाब सोडतीये, बघितलं का? कुणी शिकवलं गं?’

‘आईने.’

‘वडिलांनी नाही?’

‘पप्पांना बस येते. कानस येत नाही.’

सगळे हसले. तीही हसली, पण हात थांबला नाही. लांब कडा झाल्या, कोपरे झाले, मग पातळ गोल कानशीने भोकांची तोंडं. पंधरा मिनिटं झाली असतील. बेअरिंगची पवनचक्की घेऊन आलेला एक बाप गर्दीत माझ्यापुढेच उभा होता. तो आपल्या मुलाच्या कानाशी म्हणाला, ‘पुढच्या वर्षी तू करायचं. मी नुसता शेजारी बसणार.’ मुलगा म्हणाला, ‘वाकडं झालं तर?’ ‘होऊ दे वाकडं.’

तिने शेवटी पट्टी सोडवली, स्वतःच्या अंगठ्याचं नख सगळ्या कडांवरून फिरवलं आणि ती माझ्या हातात दिली. मी नख फिरवलं. माझ्या टेबलावरून लाखांनी भाग गेले असतील, पण एखादा भाग हातात घेऊन डोळे भरून आलेले मला आठवत नाहीत. त्या दिवशी आले. कोणत्याही मोठ्या कंपनीत उभं राहून ‘ही आमच्याकडची’ असं सांगावं, असं ते काम होतं. मी वीसपैकी वीस दिले. माझ्या हातून त्या दिवशी झालेली बरोबर गोष्ट ती एवढीच.

कारण जेवणाच्या सुट्टीत बाईंनी विचारलं, ‘गेल्या वर्षी हिला कसं काय वगळलं आपण?’

गुणपत्रिका बंद पाकिटात जात, कुणी काय दिलं ते एकमेकांना कळत नसे. मी म्हणालो, ‘मला तेव्हाच वाटलं होतं, हिच्या हातात काहीतरी आहे. पण...’

त्या ‘पण’च्या पुढचं बाईंनी स्वतःच पूर्ण केलं. ‘सरांनी खोदून विचारलं होतं तिला, आठवतंय मला. त्यांनाच पटलं नसणार.’

मी पोळीचा तुकडा मोडला आणि भाजीची वाटी पुढे ओढली.

पुण्याच्या फेरीत तिचा दुसरा नंबर आला. बातमी शाळेत गेली, माझं वाक्य बाईंबरोबर गेलं, आणि बक्षीस समारंभात मुख्याध्यापकांनी माईकवरून सांगितलं की एका परीक्षकांनी या मुलीतला कारागीर पहिल्याच वर्षी ओळखला होता. शाल मला घातली गेली. तिने वाकून नमस्कार केला. दहावीनंतर तिने डिप्लोमा केला आणि आता ती चाकणला एका कंपनीत मशीनवर कापायचा भाग पकडून ठेवणारी साधनं डिझाइन करते. स्क्रीनवर काम असतं, पण टेबलाच्या खणात कानस असते, असं तिनेच एकदा सांगितलं. नवीन मुलांना ती पहिल्या दिवशी नख फिरवायला शिकवते. मी सोसायटीच्या बाकावर बसून हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, स्वतःच्या मुलाचं सांगितलं नाही इतक्यांदा सांगतो. त्या कौतुकात खोट नाही. पण दर गुरुपौर्णिमेला तिचा मेसेज येतो, ‘सर, तुमच्यामुळे,’ आणि त्याला मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

या वर्षी प्राध्यापक नागपूरला वारल्याचं कळलं. त्यांनी तिला एक सरळ प्रश्न विचारला होता आणि तिच्या सरळ उत्तरावर विश्वास ठेवला होता. एवढी वर्षं माझं शून्य त्यांच्या नावावर राहिलं. पुढच्या रविवारी सकाळी मी रिक्षा केली आणि भोसरीला तिच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती.

दार आईने उघडलं. मुलगी कंपनीत होती, कसलीशी मोठी ट्रायल होती म्हणून रविवारीही गेली होती. वडील बस घेऊन गेले होते. आईने मला खुर्चीवर बसवलं, पोहे केले, चहा केला. आता ती कामाला जात नाही, मुलीने बंद करायला लावलं. पण बोटं ओट्याच्या कडेवरून सवयीने फिरत होती.

ती म्हणाली, ‘तुमच्यामुळं झालं बगा सर. न्हायतर त्या पयल्या वर्षीच्या परीक्षकानं तर हाकलूनच दिलं हुतं. म्हनं बापानं करून दिलं! आमच्या ह्यांला भिंतीत खिळा ठोकता येत न्हाई.’ आणि ती पदर तोंडाला लावून खूप हसली. मग जरा थांबून म्हणाली, ‘आठ दिवस जेवली न्हवती पोर नीट. मला म्हनायची, आई, तू शिकवलंस म्हून कुनाला खरं वाटत न्हाई.’

मी कप खाली ठेवला.

‘मोठ्या आवाजाचे हुते म्हनं ते सर. मला लई वाटायचं, एकदा त्यांच्यापुढं उभं ऱ्हावं आन् म्हनावं, ह्ये माजे हात बगा. तुमी वळखता का वो त्यांना?’

तिने खरंच दोन्ही हात पुढे केले होते. अंगठ्यांच्या कडेला जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या.

मी म्हणालो, ‘नाही. विशेष ओळख नव्हती.’ पोहे छान झालेत म्हणालो. रिक्षावाला थांबलाय म्हणालो, आणि उठलो. तिने जिन्यापर्यंत येऊन मला हात दिला.

मी जिना उतरलो तेव्हा जुळवलेली वाक्यं तशीच माझ्याजवळ होती. ती अशी होती: बाई, ते प्राध्यापक नव्हते, तो मी होतो. तुमच्या मुलीने खरं सांगितलं होतं, आणि ते खरं आहे हे पुढच्या दहा-बारा दिवसांत मला कळलंही होतं. तेव्हा मी बोलू शकत होतो, बोललो नाही. माझ्या हाताखालून गेलेलं सगळ्यात चांगलं काम तुम्ही शिकवलेलं होतं, आणि मी त्यावर दुसऱ्याचं नाव लिहिलं. तुमची आणि तिची, दोघींची मी माफी मागतो.